वेंडेलिन गुरुजींची बाग

“आणि हिचं नाव काय?”

गुरुजींनी ओणवं होऊन एका रोपट्याकडे बोट दाखवलं.

उर्बाननं पाहिलं न पाहिलंसं केलं. आधी ग्रीक नाव सांगितलं, मग लॅटिन, आणि शेवटी, जरा नाक मुरडूनच, गावठी जर्मन नाव.

“वा…” गुरुजी म्हणाले. “आणि ही?”

उर्बाननं तिचीही तिन्ही नावं सांगितली.

“वा… आणि ही शेजारची?”

सकाळ अशीच सरली. नदीवरचं धुकं भिंत ओलांडून बागेत आलं होतं. वाफे त्यात अर्धे बुडालेले. कुठं एखादं फूल वर दिसायचं, पुन्हा नाहीसं व्हायचं. गुरुजी एका रोपापासून दुसऱ्याकडे जात होते, आणि उर्बान त्यांच्या मागून नावं सांगत चालला होता.

परीक्षा चालली आहे, त्यानं मनाशी म्हटलं. आणि आपण एकदाही अडलेलो नाही.

त्या काळी जर्मन मुलखात झाडापाल्याचा विषय निघाला की पहिलं नाव निघे ते वेंडेलिन गुरुजींचं. त्यांच्या आधीचे पंडित वनस्पती शोधायचे त्या पोथ्यांत. कुणा प्राचीन ग्रीकानं आपल्या समुद्रकाठी पाहिलेली झुडपं या बर्फाच्या देशात सापडत नाहीत, म्हणून हे पंडित झुडपांनाच दोष द्यायचे. वेंडेलिन गुरुजींनी पोथी मिटली आणि ते दाराबाहेर पडले.

जंगलं, दलदली, कोळशाच्या भट्ट्यांकडे जाणाऱ्या वाटा, सगळं त्यांनी पायाखाली घातलं. दिसेल ते हातात घेतलं, हुंगलं, चाखलं. एकदा तर चाखण्यापायी मरता मरता वाचले. मग त्यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तोही बाजारात बोलतात त्या जर्मनमध्ये. विद्यापीठातले लोक त्यावर हसले. सुईणी आणि जखमा बांधणारे न्हावी मात्र तो कुणाकडून तरी वाचून घ्यायचे आणि चित्रांवर बोट ठेवून रानात पाला शोधायचे.

उर्बान हा आउग्सबुर्गच्या एका कापडव्यापाऱ्याचा मुलगा. इटलीत शिकलेला. जुन्या ग्रंथांतली पानंच्या पानं त्याला तोंडपाठ होती, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. बापानं पेढीवर बसायला सांगितलं, तर हा आल्प्स ओलांडून घरी न जाता थेट लिंडेनबाखला आला, गुरुजींच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मला शिष्य करून घ्या.”

गुरुजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं.

“ये,” एवढंच म्हणाले होते. “ऊन छान पडलंय.”

*

दिवस जात होते, पण शिकवणं काही सुरू होईना.

रोज सकाळी तेच. गुरुजी बोट दाखवत, उर्बान नाव सांगे, गुरुजींचा चेहरा उजळे. दुपारी लिंडनच्या झाडाखाली बसणं. झाड मोहरलेलं. मधमाश्यांचा आवाज इतका दाट, की बोलताना शब्द त्यात विरघळून जात. उर्बानला कधी कधी वाटे, आपण जागे आहोत की अजून आल्प्स ओलांडताना लागलेल्या धर्मशाळेत झोपलेलो आहोत…

“गुरुजी, धडे कधी सुरू करायचे?”

“कसले धडे?”

उर्बान हसे. गुरू असंच बोलायचे, हे त्यानं ऐकलं होतं.

मग एका सकाळी गुरुजी वाटेतच थांबले. फरसबंदीच्या फटीतून एक पिवळं फूल वर आलं होतं. कुठल्याही कुरणात पायदळी जाणारं. ज्याची पांढरी म्हातारी फुंकून उडवत त्या देशातली सगळी पोरं मोठी होतात, ते फूल.

“हे…” गुरुजी म्हणाले. “हे काय असावं?”

“गुरुजी, थट्टा करता काय?”

गुरुजी गुडघ्यावर बसले. फुलाच्या जवळ तोंड नेलं.

“बघ तरी. जणू कुणी सूर्य चिरून ठेवलाय… काय म्हणतात याला?”

उर्बाननं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात थट्टा नव्हती. परीक्षाही नव्हती.

तो तसाच स्वयंपाकघरात गेला. गुरुजींची बायको, ओटिलियामाई, फडक्यातून फुलांचा पाक गाळत होत्या. ग्रंथातल्या चित्रांचे रंग त्यांनीच ठरवले होते. त्यांच्या नखांच्या कडा अजून हिरवट दिसत.

“माई… गुरुजींना नावं आठवत नाहीत?”

माईंनी हात थांबवला नाही.

“नाही.”

“कुठलीच?”

“आधी माणसांची गेली. मग गावांची. झाडांची सगळ्यात शेवटी गेली. मला वाटलं होतं, तेवढी तरी राहतील.” त्यांनी फडकं पिळलं. “माझंही गेलंय. मला ते ‘अगं’ म्हणतात. पूर्वीही तसंच म्हणायचे, त्यामुळे मला फार दिवस कळलंच नाही.”

“हे तुम्ही मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठं? आल्यापासून तूच तर सांगतोयस.”

उर्बानचे कान लाल झाले.

“मी शिकायला आलो होतो, माई. दीड महिना मी… मी त्यांना उत्तरं देत बसलो!”

“मग जा. मी अडवणार नाही.”

त्यानं खोलीत जाऊन गाठोडं बांधायला घेतलं. फसवणूक झाल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि कुणी फसवलं हे सांगता येत नव्हतं, म्हणून राग आणखीच येत होता.

माई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“जाण्याआधी ऐकून ठेव, नंतर कुणाकडून कळायला नको. मुलखाचे उमराव आपला राजवैद्य पाठवतायत. नवा ग्रंथ काढायचा आहे, डोंगरातल्या वनस्पतींचा. ही बागही उमरावांच्याच जमिनीवर आहे. गुरुजींची ही अवस्था बाहेर कळली, तर बाग जाईल. ते एक वेळ चालेल. पण पहिल्या ग्रंथावर हसणारे अजून जिवंत आहेत. ते म्हणतील, वेड्यानंच लिहिला होता.”

“मग तुम्ही काय करणार?”

“मागं उभी राहीन. हळूच नावं सांगीन. मला येतात तेवढी.”

उर्बाननं गाठोड्याकडे पाहिलं. मग गाठ सोडली.

खरं सांगायचं तर ती काही दया नव्हती. एवढ्या थोर माणसाची जीभ व्हायला मिळणार, हे त्याच्या मनाला गोड वाटलं होतं.

*

आता शिष्य गुरूला शिकवू लागला.

सकाळी उर्बान गुरुजींकडून नावं घोकून घ्यायचा. गुरुजी मन लावून म्हणायचे, चुकले की स्वतःशीच हसायचे, दुपारपर्यंत दोनचार धरूनही ठेवायचे. संध्याकाळी सगळं पुसलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

एके दिवशी उर्बानचा धीर सुटला. वाफ्यात कोंबड्यांना आवडणारं एक नाजूक तण पसरलं होतं. बारीक पांढऱ्या फुलांचं, लोळत वाढणारं. त्याचं नाव गुरुजींना सहाव्यांदा सांगून तो ओरडला,

“एवढंसं नाव! एवढंसं नाव राहत नाही तुमच्या डोक्यात?”

गुरुजी घाबरल्यासारखे दिसले. मग त्यांनी त्या तणाची एक काडी खुडली आणि उर्बानपुढे धरली. रुसलेल्या पोराला खाऊ द्यावा तशी.

“मला ते नाही येत,” ते म्हणाले. “पण हे बघ… अंगठा फिरव.”

“काय बघू? मला माहीत आहे ते.”

“अंगठा फिरव.”

उर्बाननं चिडूनच काडीवरून अंगठा फिरवला. एका बाजूनं गुळगुळीत. दुसऱ्याही बाजूनं गुळगुळीत. मग एका जागी, अगदी बारीक, काहीतरी मऊ लागलं.

त्यानं काडी उन्हात धरली.

काडीच्या एकाच अंगानं केसांची एक रेघ गेली होती. फक्त एक रेघ. ती जिथं पानं फुटली होती तिथवर जात होती, आणि त्या पेरापासून बाजू बदलून पुन्हा पुढं निघत होती. पुढच्या पेरापाशी पुन्हा बाजू बदललेली…

या तणाची तिन्ही नावं उर्बानला लहानपणापासून येत होती. त्यावर कुठल्या पंडितानं काय म्हटलंय तेही येत होतं.

तो मटकन वाफ्याच्या कडेला बसला.

“हे सगळ्याच काड्यांना असतं?” त्यानं विचारलं.

लिंडेनबाखला आल्यापासून त्यानं विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

“मला काय ठाऊक?” गुरुजी म्हणाले. “चल, बघू.”

आणि ते दोघं ऊन कलेपर्यंत मातीत रांगत राहिले. माईंनी जेवायला हाका मारून हात टेकले.

*

राजवैद्य सेबाल्ड आले ते ऐन उन्हाळ्यात. माणूस सरळ होता. थकलेला, घोड्यावरून उतरताना कण्हणारा. बरोबर ओल्या शेवाळात गुंडाळलेलं एक रोप होतं. ते त्यांनी स्वतःच सांभाळून आणलं होतं, नोकराच्या हाती दिलं नव्हतं.

लिंडनखाली बाकं मांडली. गुरुजी मधे बसले. माईंनी त्यांना स्वच्छ सदरा घातला होता, केस विंचरले होते. उर्बान मागं उभा राहिला, कानापाशी.

“गुरुजी,” वैद्यराज म्हणाले, “तुमच्या ग्रंथानं मी वैद्य झालो. मला एकच शंका आहे. दलदलीत उगवते ती पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांची वनस्पती, आणि कुरणातली तशीच दिसणारी. जुने ग्रंथ दोघींना एकच नाव देतात. तुमचं काय म्हणणं?”

उर्बान वाकला. नाव कुजबुजला. स्पष्ट, दोनदा.

गुरुजींनी मान वळवून त्याच्याकडे प्रेमानं पाहिलं. मग वैद्यराजांकडे वळले.

“मला ठाऊक नाही,” ते म्हणाले.

माईंनी डोळे मिटून घेतले.

वैद्यराजांनी टोपी काढली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“विद्यापीठात एवढी वर्षं काढली,” ते म्हणाले, “पण हे वाक्य एकाही पंडिताच्या तोंडून ऐकलं नाही. एवढा मोठा माणूस, आणि केवढी ही नम्रता! उमरावांना मी हेच सांगेन. बाग तुमची. ग्रंथाचा खर्चही त्यांचा. गुरुजी, डोंगरातल्या वनस्पती तुम्हीच लिहायच्या.”

झालं. काम फत्ते. उर्बाननं फक्त गप्प राहायचं होतं. लिहायचं तर तो स्वतः लिहिणारच होता, गुरुजींच्या नावावर, आणि कुणाला कळलंही नसतं.

त्यानं खाली पाहिलं. गुरुजींचा हात बाकावर पालथा पडला होता. नखांत कालची माती होती. दोघांनी मिळून उकरलेली.

“ती नम्रता नाही, वैद्यराज,” उर्बान म्हणाला.

माईंनी डोळे उघडले.

“त्यांना खरंच ठाऊक नाही. सगळी नावं गेलीयत. मी कोण, हेही ते रोज नव्यानं विचारतात. मी मागं उभा होतो तो नावं पुरवायला. मला खोटं बोलता आलं असतं. पण… ते ‘ठाऊक नाही’ इतकं खरं बोलले, की त्यावर माझं खोटं कसं ठेवू?”

वैद्यराजांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग त्यांनी शेवाळ सोडलं आणि ते रोप बाकावर ठेवलं.

“हे डोंगरात सापडलं. कुठल्याच पुस्तकात नाही. याला नावच नाही. म्हणजे आता इथं आपण सगळे सारखेच अज्ञानी.” त्यांनी ते गुरुजींपुढे सरकवलं. “बघा.”

गुरुजी बाकावरून उतरून जमिनीवर बसले. रोप मांडीवर घेतलं.

ते बघत राहिले. लिंडनची सावली बाकावरून सरकून गवतावर गेली. वैद्यराजांच्या घोड्यानं दोनदा पाय आपटले. उर्बानला वाटलं, या बागेत काळ येतो, झाडांत शिरतो आणि बाहेर यायचा विसरतो…

मग गुरुजींनी बोटानं त्याला जवळ बोलावलं.

उर्बान वाकला. वैद्यराजही वाकले. तिघांची डोकी त्या रोपावर एकत्र आली.

तळाशी पानं होती, गोल पसरलेली, थरांवर थर. गुरुजींनी रोप उन्हात धरलं. इतकी पानं, इतक्या दाटीनं, आणि तरी एकाही पानाची सावली दुसऱ्यावर पडत नव्हती. प्रत्येकानं थोडं सरकून खालच्याला ऊन दिलं होतं.

“आठवडाभर हे माझ्या मांडीवर होतं,” वैद्यराज हळूच म्हणाले. “मला दिसलं नाही.”

ते उठले. गुडघे झाडले. उर्बानच्या खांद्यावर हात ठेवला.

“ते बघतील. तू लिही. आणि पहिल्या पानावर लिही की बघितलं कुणी आणि लिहिलं कुणी. मी उमरावांना जे पाहिलं ते सांगेन. ऐकतील की नाही, ते माझ्या हाती नाही.”

उमरावांनी ऐकलं. हसणारे हसलेच, पण थोडे दिवस.

*

उर्बाननं पुन्हा गाठोडं बांधलं नाही. बापानं माणसं पाठवली, ती लिंडनखाली बसून, माईंचा फुलांचा पाक पिऊन परत गेली.

नवा ग्रंथ व्हायला पुष्कळ हिवाळे लागले. त्यात प्रत्येक वनस्पतीचं वर्णन हाताला ती कशी लागते इथून सुरू होतं. मग वास, मग सकाळी कशी आणि पावसात कशी. नाव पानाच्या अगदी तळाशी. तसा ग्रंथ त्याआधी कुणी पाहिला नव्हता. पुढं दूरदूरच्या विद्यापीठांतली मुलं झाडं बघायला बाहेर पडू लागली ती तो ग्रंथ पिशवीत घालून. उर्बान म्हातारा झाल्यावर त्याच्याकडे शिष्य यायचे, तेव्हा तो आधी त्यांच्या हातात एक काडी द्यायचा आणि स्वतः गप्प बसायचा.

पण ग्रंथ पहिल्यांदा छापून आला, ती दुपार त्याला सगळ्यात जास्त आठवे.

शरदातलं ऊन होतं. माईंनी गुरुजींना घोंगडी पांघरून बागेत बसवलं होतं. ते आता फार थकले होते. डोंगरातलं ते रोप भिंतीशी चांगलं रुजलं होतं, आणि त्या वर्षी त्याला फुलं आली होती.

उर्बान ग्रंथ घेऊन त्यांच्या पायाशी बसला. पान उघडलं.

“गुरुजी, हे तुमच्या शेजारचं रोप. बघा, चित्र. वैद्यराजांनी याचं नाव ठेवलंय. ‘वेंडेलिना’.”

“छान आहे,” गुरुजी म्हणाले. “कशावरून ठेवलं?”

“एका माणसाच्या नावावरून. वेंडेलिन.”

“तो कोण?”

उर्बाननं माईंकडे पाहिलं. माईंनी गुरुजींच्या खांद्यावरची घोंगडी सारखी केली.

“फार मोठा माणूस होता,” उर्बान म्हणाला. “त्याच्या आधी या देशातल्या झाडाझुडपांना कुणी विचारत नव्हतं. तो रानोरान हिंडला, आणि त्यानं एकेकाला नाव दिलं.”

गुरुजी विचारात पडले. त्यांनी हात लांब करून भिंतीजवळच्या रोपाच्या पानाला बोट लावलं. बराच वेळ ते बोट तिथंच राहिलं…

मग त्यांनी मोठ्या कुतूहलानं उर्बानला विचारलं,

“आणि त्यानं हाक मारली, की ती ओ द्यायची?”